घरी नेलेला टीव्ही दुकानातल्यासारखा का दिसत नाही?

‘दुकानात चित्र झकास होते, घरी लावले तर चेहरे लालभडक आणि बातम्यांची अक्षरे फुटलेली दिसतात,’ ही तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक टीव्हीचा व्यापार करणाऱ्या आमच्या प्रत्येक बांधवाला ठाऊक आहे. अशा वेळी दुकानदार दोहोंपैकी एक उत्तर देतो. ‘कंपनीचा माल असाच येतो’ किंवा ‘याच्या वरचे मॉडेल घ्यायला हवे होते.’ मेकॅनिककडे गेल्यास तिसरे उत्तर मिळते, ‘पॅनल उतरले आहे.’ आमच्या पाहण्यात असे आहे की, बऱ्याच वेळा ही तिन्ही उत्तरे चुकीची असतात. माल ठीक असतो, पॅनलही ठीक असते. दोष असतो तो जोडणीत, रिमोटच्या मेनूत आणि भिंतीवरच्या जागेत. तो काढायला बहुधा एकही स्क्रू उघडावा लागत नाही. लागते ती अर्ध्या तासाची सवड आणि नेमकी माहिती. हा अर्धा तास मेहनतान्याचा आहे आणि आमच्या कारागिरांनी तो मेहनताना हक्काने घ्यावा, म्हणून हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेतला आहे. टीव्ही घरात असावा की नसावा, हा वाद या पानाचा नव्हे. ज्यांच्या घरी तो आहे त्यांचे काम आमच्याच माणसांकडे येते, एवढे आम्हाला पुरे.

पिक्चर ट्यूबच्या काळात कारागिराचे कसब टीव्हीच्या पाठीमागे होते. मागचे झाकण उघडायचे, छोट्या पेचकसाने प्रीसेट फिरवायचे, समोर आरसा धरून रंग जुळतात की नाही ते पाहायचे. सपाट पडदा आल्यावर पाठीमागे फिरवायला काही उरले नाही. सगळे रिमोटमध्ये गेले. तेव्हा बऱ्याच उस्तादांनी हे काम आपले नव्हे असे समजून हात आखडता घेतला. वास्तविक पाहता चित्र जुळवण्याचे काम संपले नाही, त्याची जागा बदलली.

आज बाजारात असलेले बहुतेक सपाट टीव्ही, त्यांच्या खोक्यावर एलईडी लिहिलेले असो की क्यूएलईडी, मुळात एलसीडीच आहेत. पाठीमागे दिव्यांच्या पट्ट्या, त्यांच्यापुढे उजेड सारखा पसरवणाऱ्या शीट आणि त्यापुढे काचेतील द्रवस्फटिक, जे झडपांसारखे कमीजास्त उघडतात. उजेड मागून येतो, चित्र झडपा बनवतात. झडप पूर्ण मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच, म्हणून अशा टीव्हीत काळा रंग अंधाऱ्या खोलीत राखाडी दिसतो. ओएलईडी हा प्रकार वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा. प्लाझ्मा पडदे मोठ्या कंपन्यांनी २०१४ च्या सुमारास बंद केले, त्यांचा विचार आता फक्त दुरुस्तीपुरता.

आधी पाहावी ती पिवळी पिन

गिऱ्हाईक ४३ किंवा ५५ इंची ४के टीव्ही घेते आणि घरी गेल्यावर त्याला केबलवाल्याचा जुना बॉक्स पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांनी जोडते. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीनंतर केबल डिजिटल झाली. त्या वेळी जे साधे बॉक्स घरोघर बसले, तशा साध्या बॉक्समधून ७२० गुणिले ५७६ एवढेच चित्र निघते. हिशेब करा. हे झाले ४,१४,७२० ठिपके. ४के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. अर्थात बॉक्सने पाठवलेल्या एका ठिपक्याचे टीव्हीला वीस ठिपके करावे लागतात. उरलेले एकोणीस तो अंदाजाने भरतो. शिवाय पिवळ्या पिनेच्या एकाच तारेतून उजेड आणि रंग मिसळून येतात, ते टीव्हीला पुन्हा वेगळे करावे लागतात, म्हणून अक्षरांच्या कडेला रंगीत कणी दिसते. वीस लिटरच्या हंड्यात एक लिटर दूध ओतून हंडा भरायला सांगितले, तर पाणीच घालावे लागणार. त्यात हंड्याचा काय दोष?

उपाय सरळ आहे. बॉक्स एचडी असला पाहिजे, तो एचडीएमआय तारेने जोडला पाहिजे, गिऱ्हाइकाने एचडी वाहिन्यांचा पॅक घेतलेला असला पाहिजे आणि चौथी गोष्ट, जी हमखास राहून जाते, ती म्हणजे बॉक्सच्या स्वतःच्या मेनूत चित्राचे आउटपुट १०८०आय वर ठेवलेले असले पाहिजे. एचडी बॉक्स आणि एचडीएमआय तार असूनही मेनूत आकडा ५७६ वरच राहिला, तर सगळा खर्च पाण्यात जातो. हे चारही बिनचूक केल्यावर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की साध्या वाहिन्या साध्याच दिसणार. त्या सुधारण्याचे यंत्र कोणाकडे नाही.

ही तक्रार आता वाढणार, असे आम्हाला वाटते. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के जीएसटी होता, पण त्याहून मोठ्या टीव्हीवर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ टक्क्यांवर आला. साहजिकच लोकांची नजर मोठ्या पडद्याकडे वळली आहे. पडदा जितका मोठा, तितका निकृष्ट सिग्नल जास्त उघडा पडतो.

मग गिऱ्हाइकाला किती इंची टीव्ही द्यावा? एक सोपे माप आम्ही सांगतो. चांगल्या एचडी चित्रासाठी बसण्याचे अंतर पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट असावे. म्हणजे ३२ इंचांसाठी सुमारे सव्वाचार फूट, ४३ साठी पावणेसहा, ५५ साठी सव्वासात फूट. साधी केबल पाहणाऱ्याने याहून मागे बसावे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ फुटांवरून ३२ इंची पडदा पाहणाऱ्या माणसाला एचडी रेडी आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्यांनी जवळपास कळत नाही, मग ४के ची गोष्टच सोडा. असे गिऱ्हाईक साधी केबल पाहणारे असेल तर त्याला महागडे मॉडेल गळ्यात मारण्यात दुकानदाराचा चार पैशांचा फायदा असेल, पण तो फायदा कोणत्या खात्यात जमा होतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

दुकानाचा उजेड आणि घरचा उजेड

नवा टीव्ही पहिल्यांदा चालू केला की तो विचारतो, घरासाठी की दुकानासाठी? बसवणारा पोऱ्या घाईत असतो, बोट पडेल तिकडे पडते. दुकानाचा मोड लागला तर बॅकलाइट शंभर टक्के, रंग भडक, आणि वर गंमत अशी की, गिऱ्हाइकाने केलेले बदल काही वेळाने आपोआप पुसले जातात आणि पडद्यावर जाहिरातीच्या पट्ट्या येत राहतात. ‘सेटिंग टिकत नाही’ म्हणून आलेल्या टीव्हीत सर्वांत आधी हे पाहावे. मेनूत घरचा मोड निवडला की काम झाले.

दुकानात असा भडक मोड का लागतो, ते उघड आहे. वीस टीव्ही शेजारी शेजारी मांडलेले, वर ट्यूबलाइटचा लखलखाट. अशा जागी जो जास्त चमकतो तो विकला जातो. पण घरी तसा उजेड नसतो. भिवंडी-मालेगावचा कापडाचा जाणकार व्यापारी रंग पारखायचा असला की थान दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात नेतो, दिव्याखालच्या रंगावर तो भरवसा ठेवत नाही. टीव्हीच्या गिऱ्हाइकाला मात्र दिव्याखालचाच रंग दाखवला जातो. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, आणि ओले धान्य वर का ठेवले नाहीस, अशी समज त्यांनी त्या विक्रेत्याला दिली, ही हदीस आमच्या व्यापाऱ्यांना पाठ आहे. दुकानात चमकदार चित्र लावणे याला आम्ही सरसकट फसवणूक म्हणत नाही, प्रदर्शन हा व्यापाराचा भाग आहे. परंतु विक्री पक्की होण्यापूर्वी तोच टीव्ही घरच्या मोडवर आणि साध्या केबलवर दोन मिनिटे दाखवावा. जो दुकानदार हे करतो त्याच्याकडे तक्रार घेऊन कोणी येत नाही, शेजाऱ्याला घेऊन येतात.

घरचा मोड लागल्यावर चित्राचा मोड निवडायचा. व्हिव्हिड किंवा डायनॅमिक नको. सिनेमा किंवा मूव्ही घ्यावा. २०१९ नंतर आलेल्या काही टीव्हींत फिल्ममेकर मोड नावाचा पर्याय असतो, तोही चांगला. या मोडमध्ये कारखान्याने रंग प्रमाणाच्या जवळ ठेवलेले असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला चित्र पिवळसर आणि मंद वाटते आणि तो लगेच ‘पूर्वीचेच बरे होते’ म्हणतो. याचे कारण डोळ्याची सवय. भडक मोडमधला पांढरा हा निळसर पांढरा असतो, नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखा. प्रमाण म्हणून धरलेला पांढरा ६,५०० केल्विनचा, दिवसाच्या उजेडासारखा, आणि तो ‘वॉर्म’ या नावाखाली सापडतो. गिऱ्हाइकाला विनंती करावी की दोन दिवस असेच पाहा, तिसऱ्या दिवशी पसंत नसेल तर पूर्वीसारखे करून देऊ. आम्ही ज्या कारागिरांशी बोललो, त्यांचे म्हणणे असे की तिसऱ्या दिवशी फोन क्वचितच येतो.

काळे आणि पांढरे जुळवणे

येथे खरे कसब आहे. मेनूतील तीन शब्दांचा गोंधळ आधी दूर केला पाहिजे. बॅकलाइट म्हणजे मागच्या दिव्यांचा जोर, कंदिलाची वात वरखाली करावी तसा. तो खोलीच्या उजेडाप्रमाणे ठेवायचा, दिवसा थोडा जास्त, रात्री कमी. ब्राइटनेस या नावावरून तो उजेडाचा वाटतो, पण बहुतेक टीव्हींत तो काळ्या रंगाची पातळी ठरवतो. कॉन्ट्रास्ट पांढऱ्याची पातळी ठरवतो. सोनीच्या अलीकडच्या टीव्हींत मात्र दिव्यांच्या जोरालाच ब्राइटनेस म्हटले आहे आणि काळ्यासाठी ब्लॅक लेव्हल असे वेगळे नाव आहे. कंपनी बदलली की नाव बदलते, म्हणून नाव न पाहता बटण दाबल्यावर काय हलते ते पाहावे.

जुळवायला चित्र कोणते घ्यावे? यासाठी पट्ट्यापट्ट्यांची खास चित्रे मिळतात, ती पेनड्राइव्हमध्ये जवळ असावीतच. परंतु ग्राहकाला समजेल असे चित्र हवे असेल तर आमच्या घरांत ते रोज असते. मक्केहून होणारे हरम शरीफचे थेट प्रक्षेपण. काबागृहाचा किसवा काळ्या रेशमाचा, त्यावर काळ्यावर काळ्याच विणीने अक्षरे आणि वरच्या भागात सोनेरी-रुपेरी जरीचा पट्टा. भोवती पांढरा संगमरवर आणि पांढऱ्या इहराममधले हाजी. अगदी गडद काळा आणि लख्ख पांढरा एकाच चित्रात असे दुसरे उदाहरण सहज मिळत नाही. अदब राखून, कारागिराने त्याचा असा उपयोग करावा. चांगल्या दर्जाचे प्रक्षेपण लावावे आणि खोलीतला उजेड कमी करावा. ब्राइटनेस कमी करत नेला की एका ठिकाणी किसव्याच्या घड्या नाहीशा होतात आणि नुसता काळा चौकोन उरतो. हे जास्त झाले. आता एकेक घर वाढवत यावे, घड्या दिसू लागल्या की थांबावे. त्याहून वाढवला तर घड्या दिसतात खऱ्या, पण काळा रंग धुरकट राखाडी होतो. सिग्नल चांगला असेल आणि कॅमेरा जवळ असेल तर विणीतली अक्षरेही उमटतात. दूरच्या चित्रात आणि मंद इंटरनेटवर ती दिसणार नाहीत, त्यासाठी ब्राइटनेस वाढवत बसू नये.

मग कॉन्ट्रास्ट. इहरामच्या चुण्या आणि संगमरवराच्या लाद्यांचे सांधे पाहावेत. कॉन्ट्रास्ट फार असेल तर गर्दीच्या जागी पांढरा डाग दिसतो, एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा कळत नाही. कमी करत यावे, चुण्या दिसू लागल्या की बस. त्यानंतर पुन्हा एकदा किसव्याकडे पाहावे, कारण एक हलवले की दुसरे थोडे हलते. शेवटी जरीचा पट्टा. तो सोन्यासारखा दिसला तर रंग ठीक, पितळेसारखा हिरवट किंवा शेंदरी दिसला तर रंगात गडबड आहे. रंगाचे प्रमाण मात्र माणसांच्या चेहऱ्यांवरून ठरवावे. क्रिकेटच्या मैदानाचे गवत पाहून कधीही ठरवू नये. गवताचा खरा रंग कोणाला आठवत नाही, चेहऱ्याचा प्रत्येकाला ठाऊक असतो.

हे चित्र बैठकीच्या खोलीत ज्या वेळी टीव्ही जास्त पाहिला जातो, त्या वेळच्या उजेडात एकदा तपासावे. दुपारी पडदे उघडे ठेवून केलेली जुळणी रात्री तरावीहच्या प्रक्षेपणाला डोळ्यांत भरते. उजेड मोजून आपोआप बॅकलाइट कमी करणारी वीजबचतीची सोय बऱ्याच टीव्हींत चालू असते. चित्र मधूनच मंद होते अशी तक्रार आली तर ती सोय बंद करून पाहावी.

शार्पनेस आणि बाकीची बटणे

शार्पनेसने चित्र बारीक होत नाही, कडांभोवती पांढरी रेघ ओढली जाते. दुकानात ती रेघ ठसठशीत वाटते, घरी अक्षरांभोवती मुंग्या आल्यासारखी दिसते. एचडीसाठी तो शून्याजवळ असावा, काही कंपन्यांत मात्र मधला आकडा हाच शून्य समजला जातो. अक्षरांकडे पाहत कमी करावा आणि रेघ गेली की थांबावे. नॉइज रिडक्शन साध्या केबलला थोडे उपयोगी पडते, एचडीला बंद करावे.

सिनेमा नाटकासारखा किंवा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, ही तक्रार तरुण मंडळी करतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात. टीव्ही मधल्या जागी स्वतः चित्रे तयार करून घालतो. सोनीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. डिसेंबर २०१८ मध्ये हॉलिवूडचा नट टॉम क्रूझ यानेही हे बंद करा म्हणून लोकांना जाहीर आवाहन केले होते. सिनेमासाठी बंद आणि क्रिकेटसाठी थोडे चालू, असे ठेवावे.

चारही बाजूंनी चित्र कापले जाते, बातमीची खालची पट्टी अर्धी दिसते, हा ओव्हरस्कॅन. पिक्चर ट्यूबच्या काळातली ही सवय नव्या टीव्हीतही राहून गेली आहे. जस्ट स्कॅन, फुल पिक्सेल, फिट टू स्क्रीन अशा नावांनी तो बंद होतो आणि एचडी चित्र त्याबरोबर खरोखरच स्वच्छ होते. माणसे जाडी दिसत असतील तर चौरस आकाराचे जुने चित्र ताणलेले असते, तो आकार ४:३ करावा.

एचडीआर या अक्षरांविषयी दुकानदारांनी जपून बोलावे. स्वस्त टीव्हीवर एचडीआर लिहिलेले असते, त्याचा अर्थ बहुधा एवढाच की तो टीव्ही तसा सिग्नल घेतो. तो दाखवायला लागणारा दिव्यांचा जोर त्यात नसतो. उलट चांगल्या टीव्हीत, गेमचे यंत्र किंवा ४के बॉक्स जोडूनही चित्र साधेच येत असेल, तर त्या एचडीएमआय दाराला मेनूत वेगळी परवानगी द्यावी लागते. सॅमसंगमध्ये ती इनपुट सिग्नल प्लस या नावाने सापडते, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट या नावाने. आणि सगळी जुळणी प्रत्येक दारासाठी वेगळी साठवली जाते, हे बऱ्याच टीव्हींत आहे. बॉक्सचे चित्र जुळवून गेलात आणि घरच्यांनी यूट्यूब लावले, तर तेथे पुन्हा भडक रंग. म्हणून दोन्हीकडे करावे आणि सर्व आकडे बिलाच्या पाठीवर लिहून द्यावेत. मुले रिमोटशी खेळतात, तेव्हा हा कागद कामी येतो.

इंटरनेटवरून पाहणाऱ्यांसाठी नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या फुल एचडीला सेकंदाला ५ मेगाबिट आणि ४के ला १५ मेगाबिट वेग हवा असे सांगतात. स्वस्त योजनेत चित्रच कमी दर्जाचे येते, ते टीव्हीच्या माथी मारू नये. राऊटर आतल्या खोलीत असेल तर टीव्हीला लॅनची तार ओढून देणे हेही चार पैशांचे काम आहे.

तारा, स्टॅबिलायझर आणि जागा

सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय तार चित्र चांगले करते, असे सांगून ती विकणाऱ्यांना आम्ही सांगू इच्छितो की, घरगुती दोन मीटर लांबीला हे खरे नाही. या तारेतून आकडे जातात. तार खराब असेल तर पडद्यावर ठिणग्या येतात, चित्र जाते-येते, किंवा येतच नाही. रंग फिका होणे हे तारेचे लक्षण नव्हे. ४के साठी प्रीमियम हाय स्पीड असे प्रमाण लिहिलेली साधी तार पुरते. स्टॅबिलायझरनेही चित्र सुधारत नाही.

जागेचे मात्र फार महत्त्व. आमच्या लहान घरांत कपाटाच्या वर, छताजवळ टीव्ही ठोकण्याची रीत पडली आहे. खाली सतरंजीवर बसून वर पाहिले की कित्येक पॅनलमध्ये काळा फिकट होतो आणि रंग उडतात, कारण त्या झडपा समोरून पाहण्यासाठी बनलेल्या असतात. टीव्ही खाली घेता येत नसेल तर पुढे झुकणारा ब्रॅकेट लावावा. समोर खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल तर तिचे प्रतिबिंब कोणत्याही बटणाने जाणार नाही. टीव्हीच्या मागे मंद पांढरा दिवा ठेवला तर अंधारात राखाडी दिसणारा काळा अधिक काळा भासतो आणि डोळ्यांना आराम मिळतो.

‘पॅनल गेले’ म्हणण्यापूर्वी

आता ज्या मुद्द्यावर आमच्या कारागिरांची इज्जत अवलंबून आहे, तो. आवाज आहे, चित्र नाही, अशा टीव्हीच्या पडद्यावर अंधारात तिरका टॉर्च मारून पाहावे. आत पुसटसे चित्र हलताना दिसले तर पॅनल जिवंत आहे, फक्त मागचे दिवे गेले आहेत. हे दिवे एकामागे एक जोडलेले असतात, एक जळाला की पूर्ण माळ विझते. पट्ट्या काही शे रुपयांत मिळतात. पॅनलची किंमत मात्र टीव्हीच्या किमतीच्या जवळपास जाते. ही तपासणी न करता ‘पॅनल गेले, नवा घ्या’ म्हणणारा कारागीर एखाद्या हातगाडीवाल्याची चार महिन्यांची बचत बुडवतो. टीव्ही भंगारात गेल्यावर त्याच पट्ट्या बदलून तो दुसऱ्याला विकला जातो, असेही चालते. ऐब लपवून विकण्यासंबंधी आमच्या फिकहमध्ये स्पष्ट नियम आहेत. नसलेला ऐब सांगून माल काढून घेणे हीही त्याचीच दुसरी बाजू, असे आमचे मत आहे.

पडद्यावर गोल पांढरे डाग दिसत असतील तर पट्टीवरच्या दिव्यांची भिंगे सुटून पडलेली असतात. सर्व चित्र निळे-जांभळे झाले असेल तर दिव्यांवरचा पिवळसर लेप जळला आहे, रंगाच्या मेनूत शोधून उपयोग नाही. पट्ट्या बदलताना सगळ्या एकदम आणि एकाच जातीच्या बदलाव्यात, नाहीतर उजेडाचे पट्टे दिसतात. शीटचा क्रम आणि बाजू खुणा करून ठेवावी, बोटांचे ठसे आणि धूळ आत राहू देऊ नये, ती नंतर कायम चित्रात दिसते. आणि दिव्यांना जाणारा करंट थोडा कमी करून द्यावा. पहिल्या पट्ट्या जळण्याचे मोठे कारण हेच असते की, टीव्ही वर्षानुवर्षे शंभर टक्के बॅकलाइटवर चाललेला असतो. चित्र जुळवताना बॅकलाइट कमी करून दिला, तर दिव्यांचे आयुष्यही वाढते, हे गिऱ्हाइकाला सांगण्यासारखे आहे.

हॉटेल, दवाखाना किंवा दुकानात दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी चालत असेल तर तेथे ओएलईडी विकू नये. वाहिनीचे चिन्ह पडद्यावर कायमचे उमटण्याचा धोका असतो.

बिनानावाचे जोडलेले टीव्ही विकणाऱ्यांसाठी एक सूचना. खोक्यावर ‘४के सपोर्ट’ लिहिलेले असले तरी पॅनल फुल एचडीचे किंवा त्याहून खालचे असू शकते. घाऊक माल उचलण्यापूर्वी लॅपटॉप ३,८४० गुणिले २,१६० वर जोडून अगदी बारीक अक्षरे लावावीत. अक्षरे स्वच्छ उमटली तर पॅनल खरे, चिकटून धूसर झाली तर नाही. पाठीमागच्या पट्टीवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहावा, टीव्हीला तो सक्तीचा आहे. माल फुल एचडी निघाला तर तो फुल एचडी म्हणूनच, त्या भावाने विकावा.

आणि ईदच्या साफसफाईचे. काच पुसण्याचा फवारा थेट पडद्यावर मारू नये, त्यातल्या अमोनियाने किंवा स्पिरिटने वरचा लेप उडतो. वर्तमानपत्राने तर मुळीच पुसू नये, ओरखडे येतात. टीव्ही बंद करून थंड होऊ द्यावा आणि मऊ मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसावा. तेलकट डाग असेल तर फडके पाण्याने किंचित ओलसर करावे. ओघळ खालच्या पट्टीत उतरला तर तेथील नाजूक फिती जळतात आणि पडद्यावर उभ्या रेघा येतात. त्या फिती चिकटवण्याचे यंत्र लहान दुकानात नसते, त्या वेळी पॅनल खरोखरच गेलेले असते.